पांघरूण मुकादम

बहात्तरच्या दुष्काळात परंड्याच्या रस्त्यावर खडी फोडायचं काम निघालं आणि मी तिथं मुकादम झालो. मॅट्रिक पास होतो. खडी फोडता येत नव्हती, म्हणून फोडणाऱ्यांवर नेमलं.

बायका लेकरं बाभळीखाली निजवून हातोडे घ्यायच्या. थंडीचे दिवस. आई मला रोज घोंगडी घेऊन पाठवायची आणि मी पोचल्या पोचल्या ती लेकरांवर टाकायचो. कामावर माझ्या मायाळूपणाचं कौतुक होतं. खरं तर मॅट्रिक झालेल्या माणसानं खांद्यावर घोंगडी टाकून हिंडायचं, याची मला लाज वाटायची.

एक दिवस मोठे साहेब जीपमधून तपासणीला आले. सरुबाई खडी फोडत होती, तिला त्यांनी विचारलं, "मुकादम कसा आहे?"

"लई भला माणूस, साहेब. पांघरूण घालत्यात."

साहेबांनी चष्मा काढला. "कशावर?"

"समद्यांवर. आपलं-परकं बघत न्हाईत."

"कधीपासून?"

"काम निघालं तवापासून. रोजच."

मी शेजारीच होतो. कुणी तारीफ केली की मान खाली घालावी, एवढं मला कळत होतं. ती घातली.

साहेबांना ती कबुली वाटली. त्यांनी टेप मागवली. एकेक ढीग मोजला, हजेरीतला एकेक माणूस नावानं उभा केला. मला वाटलं, आपल्या बढतीचं चाललंय. मी टेपचं दुसरं टोक हौसेनं धरलं. ऊन डोक्यावर आलं तरी काही निघेना, तेव्हा साहेबांनी मला बाजूला घेतलं.

"खरं सांग. काय झाकलंस?"

"लेकरं, साहेब."

बाभळीखाली नेऊन दाखवली. साहेबांनी घोंगडीचं टोक उचलून बघितलं. मग ड्रायव्हरकडं पाणी मागितलं.

तेव्हापासून मला 'पांघरूण मुकादम' नाव पडलं. पुढं गावात दूध सोसायटी निघाली, तेव्हा चेअरमन आण्णासाहेबांनी मला बिनविरोध संचालक केलं. मला वाटलं, दुष्काळातली सेवा आठवली. पहिल्याच बैठकीत दुधात पाणी निघाल्याची तक्रार आली. मी उठून सांगितलं, "ते कॅन चेअरमनसाहेबांच्या घरचे आहेत. मी स्वतः बघितले."

आण्णासाहेब हळूच म्हणाले, "बब्रुवान, तुमचं नाव ऐकून घेतलं होतं आमी तुम्हाला."

मी हात जोडून आभार मानले. त्याचा अर्थ घरी गेल्यावर चांगुणानं, माझ्या बायकोनं, समजावून सांगितला. ती हसली, पण तोंड फिरवून.

पुढच्या निवडणुकीत माझं नाव कुणी काढलं नाही. आता सकाळी दूध घेऊन सोसायटीच्या रांगेत उभा राहतो. म्हैस चांगुणा पिळते, मला अजून पिळता येत नाही.