पात राखून ठेवणारा बॉट

पुण्यातल्या त्या ऑफिसात दुपारी पंखा फिरू लागला की मला वावरात वारा सुटल्यासारखं वाटायचं. स्क्रीनवरच्या ओळी पांढऱ्या होत जायच्या आणि मी बाभुळगावकडच्या आमच्या पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या पिकात उभी असायचे, कमरेला वेचलेला कापूस ठेवायची ओटी बांधून. आठवीनंतर शाळा सुटली ती त्या वेचणीतच.

इथं मला घेतलं ते माझ्या बोलीसाठी. गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला ती वर्षं होती. शेतकरी मोबाइलवर प्रश्न पाठवायचे, मी त्यांच्याच बोलीत उत्तर टाइप करायचे. पुढं उत्तरं बॉट, म्हणजे आपोआप बोलणारा प्रोग्राम, देईल असं ठरलं. माझं काम तिथंच संपत होतं. पण ऑफिसात कोड लिहिणाऱ्या आमच्या ताईंनी शेजारी खुर्ची ओढली आणि मलाच बॉट लिहायला शिकवलं.

बॉट एका लायब्ररीवर उभा होता. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड, आपण कामाला जोडून घ्यायचा. ती असिंक्रोनस होती. हा शब्द मी पाठ केला होता, कळला नव्हता.

बॉट सुरू झाला त्याच दिवशी दुपारी अडकला. साहेब येऊन म्हणाले, "संध्याकाळपर्यंत नीट झाला तर ठेवू. नाहीतर बंद." तो बंद झाला तर मलाही गाठोडं बांधावं लागणार होतं.

तेवढ्यात मायचा फोन. "तुहं ते बॉटचं पोट्टं मुकं हाय का व? मघापासून बोंडअळीचं इचारून बसली मी."

"काम चालू हाय माय."

"इथं समद्या बाया हासून राह्यल्या मले. म्हणे, पोरीनं शिकवलं अन् बोलतच नाही."

ताई माझा कोड वाचत होत्या. "उत्तराआधी हा थांबा कशाला टाकलास इथे?"

"लगेच उत्तर दिलं तर वाईट दिसतं ना ताई. आमच्याकडे कोणी विचारायला आलं की जरा दम धरून बोलतात. पटकन बोललं तर वाटतं, कटवून राह्यले."

ताई हसल्या. "एकाचा मान राखलास, बाकीच्यांना ताटकळत ठेवलंस. तुझा थांबा अख्ख्या बॉटला थांबवतोय. काढून टाक."

मला तो काढवेना. पंखा घुमत होता. पुन्हा वावर दिसू लागलं, बायांची लांब रांग, जिच्या तिच्या पातीत, म्हणजे वेचायला मिळालेल्या ओळीत. एकीचं लेकरू रडलं. तिनं गाठोडं पातीतच ठेवलं आणि बांधाकडे गेली. बाकीच्या पुढं सरकत राहिल्या. तिच्या पातीत कोणी शिरलं नाही. लेकरू निजल्यावर ती आली आणि गाठोड्यापासून पुढं वेचू लागली.

"ताई, थांबायचं, पण गाठोडं ठेवून. असं नाही का होत?"

मी वेचणीचं सांगितलं. ताईंनी लायब्ररीची माहितीची पानं उघडली.

"होतं की. ही लायब्ररी त्याचसाठी आहे. मी इतके दिवस तुला आकृत्या काढून दाखवत बसले."

मग त्यांनी लायब्ररीतला दुसरा थांबा दाखवला. त्याच्या आधी 'अवेट' लिहायचं, म्हणजे तेवढं एक उत्तर बाजूला थांबतं आणि बॉट बाकीच्यांकडे वळतो. एकच ओळ बदलायची होती, ती मी बदलली.

बॉट पुन्हा सुरू केला. कळंबहून प्रश्न आला, राजूरहून आला, कुठून कुठून आले. सगळी उत्तरं जरा दम धरूनच निघाली, पण कोणी कोणासाठी अडलं नाही. ऊन खिडकीवरून उतरलं तेव्हा साहेब मागं येऊन उभे राहिले. बराच वेळ स्क्रीन बघत होते.

"शेतकऱ्यांचे फोटो बॉटला वाचायला शिकवायचं कामही उद्यापासून हिच्याकडेच द्या," ते ताईंना म्हणाले आणि गेले.

मायचा फोन आला. "बोललं व. आंधी जरा थांबलं, इचार केल्यावानी. शेजारीण तं म्हणते, माणूसच बसून हाय तिकडं."

"मंग काय म्हणे?"

"किडकं बोंड तोडून जाळा म्हणे. ठेव आता, माही पात राह्यली."

फोन बंद करायचं ती विसरली. बायांचं हसणं, पऱ्हाटीची सळसळ ऐकू येत होती. मी फोन तसाच कानाला लावून बसले.