रिपोर्टच्या आधी झालेली उपकारस्तुती

"कॅन्सर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि माझा नवरा त्यांना म्हणाला, "पण मॅडम, आमची तर उपकारस्तुती झाली."

त्या बिचाऱ्या चष्म्यावरून बघतच राहिल्या. त्यांना काय कळणार? आम्ही ख्रिस्ती माणसं. घरात कुणी दुखण्यातून उठलं की चर्चच्या पाळकसाहेबांना आणि मंडळीतल्या लोकांना घरी बोलावून देवाचे आभार मानतो, त्याला उपकारस्तुती म्हणतात. आधी बरं व्हायचं, मग आभार मानायचे, अशी साधी रीत आहे. आमच्या घरी मात्र रिपोर्ट यायच्या आधीच्या रविवारी, मी बरी झालेच असं धरून, भजनं झाली, प्रार्थना झाली, पुलाव झाला. शिरा मी स्वतः ढवळला, छातीवर बायोप्सीची पट्टी असताना.

रिपोर्टवर लिहिलं होतं, इन्व्हेझिव डक्टल कार्सिनोमा. म्हणजे स्तनातल्या दुधाच्या नळीत सुरू झालेला आणि नळीची भिंत ओलांडून बाहेर आलेला कॅन्सर. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलं. मी चित्राकडे बघत होते. "घाबरू नका, यावर चांगले उपचार आहेत, पण वेळ घालवू नका," त्या म्हणाल्या. त्यातला 'पण' तेवढा माझ्या कानात राहिला.

तुमच्यापैकी कुणाच्या हातात असा कागद आला असेल, तर मला काय म्हणायचंय ते तुम्हाला कळेल. बाकीच्यांनी ऐकून ठेवा.

गाठ मला अंघोळ करताना लागली. वाटाण्याएवढी, कडक, आणि मुळीच न दुखणारी. दुखत नाही म्हणून मी खुशीत होते. हा शुद्ध मूर्खपणा! न दुखणारी गाठ आधी दाखवायची असते, हे मला नंतर कळलं. मग मॅमोग्राफी झाली. त्यात स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबून एक्स-रे काढतात. तो काढणाऱ्या मुलीचा चेहरा बदललेला मी पाहिला. त्यानंतर कोअर बायोप्सी, म्हणजे जाड सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवणं.

रिपोर्टची वाट पाहत होतो तेव्हा सुमनमावशी आल्या. त्या आमच्या मंडळीच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. सत्तरीला टेकलेल्या, खणखणीत आवाज, आणि विश्वास असा की समोरच्याला हूं का चूं करता येत नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली आणि डोळे उघडून म्हणाल्या, "प्रमिला, झालं काम. प्रभूने गाठ काढली. आता रिपोर्टची वाट बघत बसणं म्हणजे अविश्वास. या रविवारी उपकारस्तुती करून टाका." यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तेच ऐकायचं होतं. हे लगेच खुर्च्या सांगायला गेले. पाळकसाहेब जरा चाचरत होते, पण सुमनमावशींपुढे कोण बोलणार?

खरं सांगू? मी भीतीने गप्प होते. आपण "नको" म्हटलं आणि त्या एका शब्दापायी रिपोर्ट वाईट आला तर?

रिपोर्ट घेऊन विश्रांतवाडीच्या आमच्या घरी परत आलो, तर सुमनमावशी दारात. यांनी कागद पुढे केला. त्यांनी तो हातातही घेतला नाही. "सैतान कागदावरसुद्धा लिहितो," त्या म्हणाल्या. "देवाचे आभार मानून मोकळे झालात ना? मग आता सुया टोचून घेणार? म्हणजे दिलेले आभार परत घेणार?"

दुसऱ्या दिवशी हे मला म्हणाले, "आपण थोडे दिवस थांबू या का गं? मग दुसरीकडे पुन्हा तपासू." मी "बरं" म्हणाले. थांबलो. ते दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. भर दुपारी स्वयंपाकघरात भाजी चिरताना अचानक घाम फुटायचा, तोंड कोरडं पडायचं. हात आपोआप गाठीकडे जायचा. वाढली का? कालच्यापेक्षा वाढली? आणि या सगळ्यावर आणखी एक भीती होती. आपण घाबरलोय हे देवाला दिसतंय, आता तो रागावणार!

तेव्हा मी एक हिशेब मनात मांडायला लागले, मेले तर काय उरेल याचा. वीसेक वर्षं मी महिला मंडळाची चिटणीस आहे. अधिवेशनं केली, हॉलला पडदे कोणते लावायचे यावर भांडले, नाताळच्या नाटकातल्या देवदूतांचे पंख शिवले. स्वर्गात साठवण करा, तिथे कसर, कीड लागत नाही, असं येशूने सांगितलंय, आणि मला वाटायचं माझी तिथली कोठी भरत आलीय. आता मृत्यू समोर दिसायला लागला तेव्हा त्या कोठीत डोकावले, तर तिथे पडदे नाहीत, पंख नाहीत, काहीच नाही! मरणाच्या दारात कुणी पडदे घेऊन जात नाही. मी रडले. नाक पुसून पुन्हा भाजी चिरायला घेतली, कारण हे जेवायला यायचे होते.

त्याच दुपारी, पोळ्या लाटता लाटता मी यांना सांगितलं, "मी उद्या डॉक्टरांकडे चाललेय. तुम्ही येताय तर या, नाहीतर रिक्षा आहे."

"अगं, पण सुमनमावशी…"

"सुमनमावशींना गाठ नाहीये. मला आहे. आणि मला भीती वाटतेय. भ्यालेलं माणूस देवाकडे जातं तसंच डॉक्टरकडेही जातं, त्यात पाप कसलं?"

दुसऱ्या दिवशी हे माझ्या आधी चपला घालून उभे होते.

डॉक्टरीणबाईंनी इतके दिवस कुठे होतात असं विचारलं नाही, याबद्दल मी त्यांचे आभार मानते. त्यांनी पेट स्कॅन सांगितला. त्यात साखरेसारखं एक किरणोत्सारी औषध शिरेतून देतात. कॅन्सरच्या पेशी हावरट असतात, त्या साखर जास्त ओढतात, त्यामुळे कुठे कुठे पसरलाय ते चित्रात उजळून दिसतं. औषध दिल्यावर तासभर एकटीनेच एका खोलीत पडून राहायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही, सोबत कुणी नाही.

त्या खोलीइतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही. एसी गारगार, अंगावर पातळ चादर, आणि आत ते औषध माझ्या अंगात कुठेकुठे फिरतंय याचा विचार. पाठ केलेली एकही प्रार्थना आठवेना. शेवटी मी म्हटलं, "प्रभू, मला फार भीती वाटते." एवढंच. पुन्हा पुन्हा तेवढंच. आणि मग मला आठवलं, येशूही घाबरला होता. वधस्तंभाच्या आदल्या रात्री बागेत त्याला घाम फुटला होता, हे टळलं तर बरं असं तो बापाला म्हणाला होता. मित्रांना त्याने फक्त जागं राहायला सांगितलं होतं, आणि ते मेले झोपले! लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण तो घाबरला होता हे मी कधी कानात शिरूच दिलं नव्हतं.

भीती गेली नाही, हे सांगून ठेवते. पण भ्याले म्हणून मी देवाची कुणी लागत नाही, हे मात्र डोक्यातून गेलं.

बाहेर आले तर हे पायरीवर बसले होते. माझ्याजवळ यायला मनाई होती, अंगात किरण म्हणून. लांबूनच म्हणाले, "प्रमिला, मी खुर्च्या सांगितल्या ना, त्या भीतीने सांगितल्या गं. मला वाटलं, आपण आभार मानले की देवाला ते करावंच लागेल." आणि रस्त्यावरची माणसं बघत असताना हे ढसाढसा रडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

स्कॅनमध्ये काखेतल्या गाठींमध्ये कॅन्सर दिसला. लसिकाग्रंथी म्हणतात त्यांना, शरीराच्या चौक्याच त्या. त्यापलीकडे पसरला नव्हता. "आणखी थांबला असतात तर मी हे सांगू शकले नसते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आधी किमोथेरपी, म्हणजे शिरेतून औषध देऊन गाठ लहान करणं, मग ऑपरेशन, मग रेडिएशन, असं ठरलं.

किमोचा हॉल म्हणजे आरामखुर्च्यांची रांग आणि प्रत्येकीशेजारी सलाईनचा स्टँड. पहिलं औषध लालभडक. ते नळीतून माझ्याकडे उतरताना बघून मला गरगरलं. शेजारच्या खुर्चीत एक पोरगी होती, प्रज्ञा. यवतमाळची, इथे आयटीत नोकरीला, वाघोलीला मैत्रिणींबरोबर राहणारी. तिला लिम्फोमा होता, लसिकाग्रंथींमध्येच सुरू होणारा कॅन्सर. त्या दिवशी ती एकटी आली होती, सोबतीला येणाऱ्या बाबांची गाडी चुकली होती.

माझ्या गळ्यातला क्रॉस बघून ती म्हणाली, "काकू, तुम्ही प्रेअर वगैरे करत असाल ना? तुम्हाला भीती नसेल वाटत."

इथे मला मंडळाच्या चिटणीसबाईंसारखं उत्तर देता आलं असतं. पण जीभ वळेना. "वाटते की गं," मी म्हणाले. "सकाळपासून दोनदा उलटी झालीये, आणि तेव्हा तर औषध सुरूही नव्हतं झालं!"

ती खो खो हसली आणि हसता हसता रडायला लागली. "सगळे म्हणतात, पॉझिटिव्ह राहा, फायटर आहेस तू. असला राग येतो ना! तुम्ही पहिल्या आहात खरं बोलणाऱ्या."

मग आमच्या तारखा आम्ही एकत्र घ्यायला लागलो. हे दोघींचे डबे आणायचे, तिला वरणभात चालायचा, मला तोही चालायचा नाही. "आम्ही बुद्धिस्ट आहोत काकू," तिने एकदा सांगितलं. "तुमची प्रेअर तुम्ही करा, मी बसते बाजूला." मग ती तिची वंदना पुटपुटायची, तेव्हा मी बसायचे. आम्हा दोघींचे केस गेले, नखं काळी पडली, जिभेला फोड आले. हात मात्र एकमेकींच्या हातात असायचे.

तिथे त्या खुर्चीत मला माझ्या कोठीचं उत्तर मिळालं. हॉल पडणार, पडदे विरणार, अधिवेशनाचे फोटो पिवळे होणार. या जगातून देवापाशी जाणारी वस्तू एकच, माणूस. मग आयुष्य घालायचं ते माणसात, तेवढंच तिकडे पोचतं. माझ्याजवळ आयुष्य किती उरलं होतं कुणास ठाऊक, पण जे होतं ते कुठे घालायचं हे तरी कळलं.

किमो संपली, ऑपरेशन झालं. लम्पेक्टमी, म्हणजे पूर्ण स्तन न काढता गाठ आणि भोवतालचा थोडा भाग काढणं, आणि काखेतल्या गाठीही काढल्या. रेडिएशन झालं. प्रज्ञाचं शेवटचं स्कॅन स्वच्छ आलं, ती कामावर जाते. माझंही आत्तापर्यंत ठीक आहे. दर तपासणीच्या आधी माझी झोप उडते, आणि ती उडणारच, हे मी आता धरून चालते.

मग एका रविवारी पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला उभं केलं. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढे सांगणं. सगळे "हालेलुया" म्हणायला तयारच होते. मी म्हणाले, "मी भ्याले होते. आताही भितेय. आपली उपकारस्तुती झाली त्या दिवशी मी शिरा ढवळत होते आणि आतून मेले होते, आणि तुमच्यापैकी कुणाला ते सांगायची माझी हिंमत झाली नाही. देवाने माझी भीती काढली नाही. भीतीत तो माझ्याजवळ बसला. आणि मला त्याने डॉक्टर दिले." खाली बसले. सुमनमावशींकडे बघायची माझी छाती झाली नाही.

उपासनेनंतर चहाच्या टेबलाशी कुणीतरी माझा पदर ओढला. सुमनमावशीच. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर झाडणार. त्या मला ओढत जिन्याखाली घेऊन गेल्या.

"प्रमिला," त्या म्हणाल्या, आणि तो खणखणीत आवाज कुठे गेला होता देव जाणे. "माझं अंगावर जातंय गं. पाळी बंद होऊन वीस वर्षं झाली, आणि आता पुन्हा. तुझी गाठ कळली ना, त्याच्याही आधीपासून. कुणाला म्हणून सांगितलं नाही."

माझ्या डोक्यावर ठेवलेला तो हात, ती खुर्च्यांची घाई, कागदाला न लावलेलं बोट. ही बाई सगळा वेळ माझ्याहून जास्त घाबरलेली होती! रागही आला, खोटं कशाला बोलू. पण त्यांनी माझा पदर अजून सोडला नव्हता. राग मी नंतर काढीन, असं ठरवलं.

"उद्या सकाळी तयार राहा," मी म्हणाले. "मी घ्यायला येते."

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात बाहेरच्या बाकावर नंबराची वाट बघत होतो. त्यांनी पर्स छातीशी घट्ट धरली होती. मी विचारलं, "मावशी, प्रार्थना करू का?"

"नको," त्या म्हणाल्या. "नुसती बस गं माझ्याजवळ. उठू नकोस."

मी बसले.