टबाचं दुसरं भोक

संधिवातानं आखडलेल्या आईला गरम पाण्यात बसता यावं, म्हणून भावानं परदेशातून हवा भरायचा टब पाठवला होता. त्यातली हवा जाऊ लागली, तसा मी तो शिवाजीनगरातल्या पंक्चरवाल्याकडे नेला. साबणाचा फेस लावून त्यानं भोक शोधलं, ठिगळ डकवलं. मग कानडी वळणाच्या मराठीत म्हणाला, "अक्का, अजून एक आहे."

यानंच टोचलं असणार! त्याच्या बोटांवरून माझी नजर हटेना. ते ओळखून तो मागे सरकला.

"स्वल्प, जरा तुम्हीच बघा. ओला तळवा फिरवा, गार लागेल तिथं थांबा."

जोडापाशी तळव्याला गार लागलं. भोकात आईच्या मालिशच्या तेलाचा काळपट मळ मुरला होता. म्हणजे ते जुनंच. मी ओशाळून काही बोलणार, तोच तो म्हणाला, "सवय आहे, अक्का."

तो चिडला असता, तर बरं वाटलं असतं.