विरघळलं म्हणून सत्कार

माझा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

पीएचडीसाठी मी ज्या पदार्थावर काम करत होते, त्यात एका लांब रेणूवर साखरेच्या रेणूंच्या कड्या ओवलेल्या असतात. त्या निसटू नयेत म्हणून साखळीच्या दोन्ही टोकांना जाडजूड बुचं. कड्या एकमेकींना इतक्या धरून बसतात, की हा पदार्थ पाण्यात विरघळतच नाही. कड्यांवर छोटे रासायनिक गट चढवून ही पकड सोडवायची आणि साखळी शाबूत ठेवून पदार्थ पाण्यात उतरवायचा, हे माझं काम.

माझ्या गाइड सरांना घाई झाली होती. गट चढवायला लागणारा कॉस्टिक सोडा दुप्पट टाक म्हणाले. टोकाची बुचं ते सोसणार नाहीत, हे मी सांगून पाहिलं. ऐकतंय कोण? दुपारी पावडर पाण्यात विरघळली आणि सरांनी तपासणीआधीच पेढे मागवले.

सर आमच्या आळे गावचेच. त्यांनी गावी फोन केला आणि गावाने आपल्या रिवाजाप्रमाणे लगेच सत्कार ठरवला. फाट्यावर फ्लेक्स लागला. त्यावर मी, सर आणि आमच्या कामाशी काडीचा संबंध नसलेले डझनभर शुभेच्छुक.

इकडे मी ते द्रावण बारीक छिद्रांच्या पिशवीत बांधून पाण्यात सोडलं. त्या छिद्रांतून सुटी कडी बाहेर पडते, लांब साखळी पडत नाही. कड्या सगळ्या बाहेरच्या पाण्यात सापडल्या. बुचं तुटली होती, कड्या गळून गेल्या होत्या. विरघळलं होतं ते भंगार. सरांना दाखवलं तर म्हणाले, "सत्कार होऊ दे, मग बघू." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

देवळासमोर मांडव होता. शाल, नारळ, सरांचं लांबलचक भाषण. मग माइक माझ्या हातात आला. आई पहिल्याच रांगेत नवं लुगडं नेसून बसली होती. तिच्याकडे न बघता मी म्हणाले, "पदार्थ विरघळला नाय, तुटलाय. सत्कार घ्यावा असं आमी अजून कायबी केलेलं नाय."

खांद्यावरची शाल काढून मी खुर्चीवर ठेवली.

मग सूत्रसंचालकाने माझ्या हातातला माइक घेतला. "एवढी शिकली, पण बघा राव, पोरीचा विनय केवढा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात सर वाजवत होते.