बरणीतलं बाळंतपण

यातला एक शब्द खरा मानून दाखव बघू. नाही जमायचं तुला. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत असल्या गोष्टी उष्ट्या भांड्यांसारख्या साठतात, एक घासून ठेवावी तर दोन नव्या पडलेल्या. मी तमिळ शाळेत चौथीपर्यंत गेले, तेव्हा शास्त्र चुकलं तर टीचरला विचार, मला नको.

*

टीचर म्हणजे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी मीनाक्षी. भाड्याची खोली बघायला पहिल्यांदा माझ्याकडंच आली.

"किती माणसं?"

"मी एकटीच, पाट्टी." आजीला इकडं पाट्टीच म्हणतात.

मग पिशवीतनं काचेची बरणी काढली. आत जिवंत विंचू. मी कॉफीसुद्धा न विचारता तिला वाटेला लावलं. भिंतीपलीकडं माझी धाकटी जाऊ गोमती राहते. तिनं टीचरला बरणीसकट ठेवून घेतलं.

महिन्याभरात अख्खी गल्ली गोमतीच्या ओट्यावर. पूर्वी सगळी माझ्याकडं बसायची. तिनं रंगीत टीव्ही घेऊन केबल जोडली तेव्हासुद्धा एवढी गर्दी नव्हती. माझ्या पोटात जी जळजळ लागली ती ताकानं काही गेली नाही.

*

टीचरनं सांगितलं, "हा विंचू नाही, विंचवीण आहे. बाकीचे विंचू असे नसतात, पण हिच्या जातीत नर लागत नाही. जन्मल्यापास्नं मी हिला एकटी वाढवलीय. आता बघा, एकटीच पिल्लं देईल. अन् सगळ्या मुलीच."

माझ्या दिरानं पेपर खाली ठेवला. "मग नर करतो काय?"

"नसतोच, मामा."

तीन दिवस दिराची जेवणावरनं वासना उडाली. चौथ्या दिवशी गोमती त्याला म्हणाली, "अहो, पेपर वाचून दाखवायला तरी घरात एक लागतोच की." तेव्हा कुठं रसम-भात गिळला.

मी मात्र माझ्या खाटेवर पडून हिशेब लावत होते. नवरा होता तोवर तिरुवैयारुपर्यंतची देवळं पालथी घातली, सोमवार कोरडे काढले. एक झालं नाही. गोमतीला चार. अन् ही बया बरणीत बसून, कुणाचं तोंड न बघता!

*

विंचवीण फुगली. गोमतीनं तिचा वळैकाप्पु मांडला. आपल्या गर्भार पोरीला बांगड्या भरतात ना, तस्सा. बरणीच्या गळ्यात हिरव्या बांगड्या, पुढं चित्रान्न, बायका रांगेनं. मीही हात पुढं केला.

"अक्का, तुम्ही लांबनंच बघा हं," गोमती म्हणाली. "लेकुरवाळीनं भरायच्या. रीत आहे."

विंचवाला रीत! मी भिंतीशी बसून चित्रान्न खाल्लं. मीठ कमी होतं. ते मोठ्यानं सांगितलं.

*

पिल्लं झाली. आईच्या पाठीवर पांढरे शिंतोडे उडाल्यासारखी. गल्ली लोटली. मी दाराशी उभी राहून सहज म्हणलं, "आमच्या सरपणात एक विंचू सापडलेला, तो मीच मागं त्या बरणीत सोडला बाई. एकटी कंटाळली असंल."

टीचरचा चेहरा राखेसारखा झाला. कित्येक वर्षांचं काम तिचं. धावत माझ्या घरी आली. "पाट्टी, खरं सांगा."

"आधी कॉफी पी."

दोन पेले पाजले. किती दिवसांनी माझ्या ओट्यावर कुणी बसलं होतं. मग म्हणलं, "थाप मारली ग. तुझ्या झाकणाला हात लावायची माझी छाती आहे का?"

ती रडली, हसली, मग म्हणाली, "तुम्ही म्हणताय खरं, पण माझ्या मनात शंका राहिली ना. आता एक पिल्लू निराळं वाढवायला हवं. कुणी येत-जात नाही अशा घरात."

तसलं घर गल्लीत एकच.

बरणी माझ्या कोनाड्यात आली. झाकणाला कुलूप, किल्ली टीचरच्या गळ्यात. झुरळं मी धरायची, कुलूप तिनं काढायचं. रोज यायची. रोज कॉफी प्यायची.

*

दोन वर्षांनी माझ्याकडचीही व्याली. त्याच आठवड्यात रेशनकार्ड तपासणारा माणूस वही घेऊन माझ्या ओट्यावर बसला.

"घरात कोण कोण?"

"मी अन् मुलगी."

"मुलीचं लग्न झालंय?"

"नाही."

तो लिहायला लागला. मी म्हणलं, "नाती लिहा की. अठरा आहेत."

त्यानं पेन खाली ठेवलं. रस्त्याकडं बघितलं, मग अगदी हळू विचारलं, "यांचा बाप?"

"नाहीच."

शेजारच्या ओट्यावर गोमती शेवग्याचा पाला निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"साहेब, एकोणीस लिहा," ती म्हणाली. "सकाळी अक्का आंघोळीला गेल्या, तेव्हा मी जाऊन मोजल्या."

जा आता. तुला घरी कामं नाहीत का?