बराकीमागची दगडांची घरं

बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावर गोऱ्या फौजेच्या बराकी आहेत. भिंती उभ्या आहेत, छपरं गेली. त्यांच्या मागे दुरुस्तीच्या कामाच्या शेडी होत्या म्हणतात. त्या कधीतरी पाडल्या. आता तिथे फक्त जोती उरली आहेत, आणि जोत्यांवर लोकांनी रचलेली घरं.

घरं म्हणजे दगडावर दगड. ज्याला स्वतःचं घर हवं असतं तो गडावरच्या महादेवाचं दर्शन घेऊन इकडे येतो, पाडलेल्या शेडींच्या ढिगातून चपटे दगड, विटांचे तुकडे वेचतो आणि एकावर एक ठेवतो. जेवढे थर, तेवढे मजले. दुसऱ्याच्या घराचा दगड घ्यायचा नाही, एवढाच नियम.

मागच्या थंडीत आम्ही तिघं तिथे गेलो. महिनाअखेर पप्पा कागदाच्या मिलमधून रिटायर होणार होते आणि क्वार्टर सोडावं लागणार होतं. माझं सगळं आयुष्य त्या क्वार्टरमध्ये गेलेलं. पुढचं आई-पप्पांनी ठरवलं होतं: जळगावकडच्या आमच्या गावी काकांच्या घराला लागून पप्पांच्या वाट्याची मोकळी जागा आहे, तिथे बांधायचं. वरच्या मजल्यावर माझी खोली. या खोलीबद्दल आई सगळ्यांना सांगायची, भाजीवालीलासुद्धा.

मी बऱ्हाणपुरात एका शाळेत शिकवायला लागले होते, आणि तिथल्याच बुधवारा मोहल्ल्यात एक खोली बघून घरमालकिणीला हो म्हणून आले होते. घरी बोलले नव्हते. रोज जेवताना सांगू असं ठरवायचे आणि रोज ताट उचलून मोरीत ठेवायचे. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे असेल, अवघड बोलणं मला आधी इंग्रजीतच सुचतं. इंग्रजीत ते नोकरीचं, सोयीचं, साधं वाटायचं. आईच्या तोंडाकडे पाहिलं की त्यात ती दोघंच गावी गेलेली दिसायची.

गडावर वारा होता. कुठल्याशा शाळेची मुलं बराकींच्या कमानीत फोटो काढत होती. मागे कुणीच नव्हतं. एका कोपऱ्यात भिंतीचा काळा झालेला तुकडा उभा होता. तिथे भट्टी असावी. जोत्यांच्या फटींतून गवत वर आलं होतं, वाळलेलं.

आईला घरासाठी सपाट जागा हवी होती. ती एका दगडी चौथऱ्यापाशी गेली आणि तिने पहिली वीट ठेवली.

"इथं नको," पप्पा म्हणाले.

"का? सपाट तर आहे."

"मशीनची जागा आहे ती."

चौथऱ्याच्या कोपऱ्यांत गंजलेले बोल्ट वर आलेले मलाही दिसले. मग पप्पांच्या पायांकडे लक्ष गेलं. त्यांनी चपला जोत्याखाली काढून ठेवल्या होत्या आणि त्या खडबडीत दगडांवर ते अनवाणी उभे होते.

हे त्यांचं जुनंच. मिलच्या वर्कशॉपमध्ये ते लेथ मशीनवर होते. दसऱ्याला मशीनला हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. आणि एरवीही मशीनच्या चौथऱ्यावर कुणी बूट घालून चढायचं नाही. मध्ये कधीतरी त्यांचं लेथ उचलून नेलं. मोकळ्या चौथऱ्यावर बाकीचे लोक डबा खायला बसायचे. पप्पा त्याच्या कडेनं जायचे.

"मशीन गेली, साहेब गेले, राज्य गेलं," आई म्हणाली. "ह्यांच्या चपला आपल्या बाहेरच."

पण तिने वीट उचलली आणि खालच्या बाजूला, मातीत जागा साफ करून घर मांडलं. खाली चार तुकडे, वर फरशीची पातळ चीप, तिच्यावर पुन्हा चार. चीप डुगडुगत होती. तिने खाली खडा सारून ती नीट बसवली. वरच्या मजल्यावर ठेवायला एक चांगला तांबडा दगड तिने बाजूला काढला होता.

"हे हिच्या खोलीचं छत," ती पप्पांना म्हणाली.

पप्पांनी तो दगड माझ्या हातात दिला. "घे बेटा, तूच ठेव."

दगड उन्हानं कोमट झाला होता. मी तो धरून उभी राहिले. आई वाट बघत होती. मग मी थोडं पलीकडे गेले, बसले, ढिगातली एक अर्धी वीट मातीत ठेवली आणि तिच्यावर तो दगड.

"आणि हे कुणाचं?"

"माझं."

मग मीच पुढे बोलले. बुधवाऱ्यात खोली घेतली आहे, शाळा जवळ पडते, मी गावाला येणार नाही. एवढंच. सगळं मराठीत बोलले, आणि फार लवकर संपलं.

पप्पांनी फक्त विचारलं, तिथं नळाला पाणी येतं का. मी म्हटलं, सकाळी येतं. ते चौथऱ्यावरच्या बोल्टाकडे बघत राहिले. त्यांनी स्वतः एकही दगड ठेवला नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

आई ढिगापाशी गेली. बराच वेळ दगड उलटेपालटे करत राहिली. एक उचलायची, बघायची, टाकून द्यायची. शेवटी एक लांबट फरशीचा तुकडा घेऊन आली आणि माझ्या त्या एवढ्याशा घरासमोर तो आडवा ठेवला.

"ओटाच नाही केलास," ती म्हणाली. "आम्ही आलो तर बसायचं कुठं?"

तिच्या घराचा वरचा मजला तसाच बिनछताचा राहिला. खाली उतरताना कुणी वळून पाहिलं नाही.

बुधवाऱ्यातल्या माझ्या खोलीला ओटा नाही. दोन दुकानांच्या मधून जिना थेट रस्त्यावरून वर येतो आणि खोलीच्या दाराशी संपतो. संध्याकाळी खालच्या दुकानदारांचं बोलणं, हसणं वर ऐकू येतं. त्यांतलं कुणी मला ओळखत नाही, आणि ओळख काढायला मी खाली जात नाही. सुट्टीच्या दिवशी तर कधी कधी दुधवाल्याशिवाय कुणाशी बोलणं होत नाही.

आई एकदाच आली, पप्पांशिवाय. गावी घराचं काम अजून जोत्यापर्यंतच आलंय म्हणाली. खोलीत तिने दोन्ही खिडक्या उघडून पाहिल्या, मग वाटाणे घेऊन बाहेर गेली आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून सोलत राहिली. येणाऱ्याजाणाऱ्याला वरून नमस्कार करत होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेली.

आई येऊन जाईपर्यंत मी त्या वरच्या पायरीवर चपला काढायचे. आता खालीच काढते आणि हातात घेऊन आत नेते.