बिननंबरची काच

घरात तिला सगळे शंकामावशी म्हणत, आणि तिला त्याचा राग नव्हता. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासण्यात आणि पुढच्या खुर्चीवर गिऱ्हाइकांचे नंबर काढण्यात तिची सव्वीस वर्षं गेली होती. माणूस स्वतःच्या डोळ्यांबद्दल सर्रास खोटं बोलतो, हे त्या खुर्चीनंच तिला शिकवलं होतं. कुणी वय लपवायला, कुणी गाडीचं लायसन्स मिळावं म्हणून, तर कुणी नुसतं भिडेपोटी. त्यामुळे ताकच काय, पाणीही फुंकून प्यायची तिला सवय.

चर्चचे पाळकसाहेब परदेशात दोन आठवडे सेवेला माणसं नेणार होते. तिकडच्या एका खेड्यात डोळे तपासायचे, चष्मे द्यायचे, प्रार्थना करायची. चष्म्यातलं कळणारं माणूस हवं होतं. नवरा म्हणाला, "जा तू. पण स्वर्गाच्या दारात उभी केली तरी तू आधी बिजागऱ्या तपासशील." तिनं त्याच्याकडे दुर्लक्ष करून नाव दिलं. देवावर तिची श्रद्धा होती. शंका होती ती माणसांवर.

पहिली पाल चुकचुकली ती विमानतळावरच. सोबत येणारे डोळ्यांचे डॉक्टर कावीळ झाली म्हणून आलेच नाहीत.

"डॉक्टरांशिवाय दवाखाना कसा चालवायचा, साहेब?" तिनं विचारलं.

"देव सांभाळून घेईल," पाळकसाहेब म्हणाले.

तिची भाची, जी नर्स म्हणून निघाली होती, तिनं मावशीचा हात दाबला. पण ते वाक्य मावशीला तिथं पोहोचेपर्यंत खटकत राहिलं.

सुट्टी लागलेल्या शाळेचे दोन वर्ग त्यांना मिळाले. एका वर्गात मावशीची खुर्ची, भिंतीवर तक्ता आणि काचांची पेटी. दुसऱ्या वर्गात पाळकसाहेब, प्रार्थनेसाठी. भाची दोन्हीकडे धावायची. दोन्ही वर्गांतलं दुभाष्याचं काम शाळेतल्याच एका शिक्षिकेकडे होतं. बारीक अंगाची, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेली, कधी न हसणारी बाई. मावशी आणि ती दोघींना अर्धीमुर्धी येणाऱ्या एका तिसऱ्याच भाषेत बोलायच्या.

पहिले तीन दिवस दृष्ट लागावी असे गेले. रांग फाटकाबाहेर जायची. एका म्हातारीनं नवा चष्मा लावून स्वतःचेच तळहात उलटसुलट पाहिले आणि अशी हसली, की मावशीला भरून आलं. पाय सुजले होते, न्हाणीघराला कडी नव्हती, भाचीचं पोट बिघडलं होतं, तरी सकाळी प्रार्थनेला बसताना मन हलकं असायचं.

आणि तेच तिला खटकायला लागलं. दुकानात दहातलं एक गिऱ्हाईक तरी कुरकुर करत परत यायचं. दांडी टोचते, जिना वर येतो, डोकं धरतं. इथं तीन दिवसांत एकही तक्रार नाही. प्रत्येकाला छान दिसतंय. शिवाय पेशंट तोंडाचा पट्टा सोडल्यासारखा बोलायचा आणि शिक्षिका सांगायची काय, तर "छान आहे म्हणतो." कुठंतरी पाणी मुरत होतं.

चौथ्या दिवशी शिक्षिका पलीकडच्या प्रार्थनेतून परत आली, तेव्हा टोपल्या विणणारी एक बाई खुर्चीत बसली होती. मावशीनं पेटीतून दोन काचा काढून तिच्या नाकावरच्या फ्रेमीत बसवल्या. दोन्ही बिननंबरच्या. खिडकीच्या तावदानात आणि त्यांच्यात काही फरक नाही.

"आता कसं दिसतं, विचार."

शिक्षिकेनं विचारलं. बाई बराच वेळ बोलली.

"आधीपेक्षा पुष्कळ स्पष्ट दिसतं म्हणते."

मावशीनं काच काढली आणि शिक्षिकेच्या डोळ्यांपुढे धरली. "यातून बघ. या काचेला नंबरच नाही. मग स्पष्ट दिसलं कुणाला, या बाईला की तुला?"

शिक्षिकेचा चेहरा दगडासारखा झाला. ती काही बोलणार एवढ्यात पलीकडच्या वर्गातून टाळ्यांचा आवाज आला. भाची धावत आली. "मावशी, एका आंधळ्या आजोबांना दिसायला लागलं. मघाशी साहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि ते म्हणाले, दिसतंय. साहेबांनी आत्ता सगळ्यांना सांगितलं, चर्चला फोटोसुद्धा पाठवला."

मावशी हातातलं काम टाकून बाहेर आली. आजोबा व्हरांड्यातल्या बाकावर एकटेच बसले होते. दोन्ही बुबुळांत मोतीबिंदू पिकून पांढरा झालेला. हे तर दुकानातली शिकाऊ पोरगीसुद्धा ओळखेल. मावशी न बोलता समोर उभी राहिली आणि हस्तांदोलनाला हात पुढे केला. आजोबांनी हात हलवला नाही. तिनं घसा खाकरला तेव्हा कुठे ते तिच्या कानाच्या बाजूला, हवेकडे बघून हसले.

मागे शिक्षिका येऊन उभी होती.

"हे नक्की काय म्हणाले होते?" मावशीनं विचारलं.

"उजेड दिसतो, असं म्हणाले. तो त्यांना पहिल्यापासून दिसतो. पंधरा मिनिटं डोक्यावर हात होता, मान अवघडली होती."

"मग तू 'दिसतंय' का सांगितलंस?"

शिक्षिका बाकाच्या टोकाला टेकली. "दोन वर्षांपूर्वी दुसरी माणसं आली होती. गोळ्या घेऊन. एका बाईनं सांगितलं, मला गुण येत नाही. तर म्हणाले, तुझा विश्वास कमी पडतो. सगळ्यांसमोर म्हणाले. ती माझी आई." तिनं सुटलेली बाही पुन्हा दुमडली. "तेव्हापासून मी दोन्हीकडून खोटं बोलते. तुमचं मऊ करून यांना सांगते, यांचं मऊ करून तुम्हाला. पाहुणे खूश होऊन जातात, आमची माणसं अपमानातून वाचतात."

"आणि चुकीच्या चष्म्यानं डोकं धरतं त्याचं काय?"

"चष्मा पेटीत ठेवून देतात. लावतंय कोण?"

मावशीला हसावं की रडावं कळेना. तीन दिवसांचं सगळं काम लोकांच्या पेट्यांत जाऊन पडलं होतं.

"तुम्ही त्यांच्यासारख्या नाही, हे मला कसं कळावं?" शिक्षिकेनं विचारलं.

"नाही कळणार. मलाही तुझं कळत नाही. पण नंबर चुकला तर ते मला कुणीतरी सांगायला हवं."

पाळकसाहेबांना सांगणं जास्त जड गेलं. ते वर्गात एकटे बसून लिहीत होते, चेहरा आनंदानं फुललेला. सगळं ऐकून तो उतरत गेला.

"बाई, तुम्ही देवाच्या कामावर शंका घेताय."

"देवावर नाही, साहेब. भाषांतरावर."

"मी स्वतः ऐकलं."

"तुम्ही काय ऐकलंत, साहेब? त्यांची भाषा तुम्हाला येत नाही."

साहेब उठून गेले. त्या दिवशी ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत, जेवायलाही लांब बसले. तिला वाटलं, झालं, आता आपल्याला घरी धाडतील. सकाळी ती शाळेत आली तर साहेब आजोबांशेजारी बाकावर बसलेले. कधीपासून बसले होते कोण जाणे. तिला पाहून त्यांनी शिक्षिकेला हाक मारली आणि विचारलं, "मोतीबिंदू काढणारं हॉस्पिटल इथून किती लांब आहे?" ते चार तासांवर होतं. साहेब स्वतः जाऊन आजोबांना तिथं दाखल करून आले.

इकडे मावशीनं खुर्चीतलं विचारणंच बंद केलं. सुई-दोरा ठेवला, धान्यात मुद्दाम खडे मिसळून ताटली ठेवली. दोरा ओवला गेला, खडे वेचले गेले, तर नंबर बरोबर. लांबचं पाहायला तक्त्यावरच्या खुणा कुठल्या दिशेला वळल्यात ते हातानं दाखवायचं. भाषेचं कामच उरलं नाही. आधीच्या लोकांना परत बोलावलं, तर गावात आवई उठली की चष्मे काढून घेणार आहेत. निम्मे आलेच नाहीत. आलेल्यांतल्या एका बाईनं चष्मा पोलक्यात लपवला होता आणि दुसरा हातात पडेपर्यंत पहिला सोडायला ती तयार नव्हती. तिचा नंबर दीडानं चुकला होता. मावशीनं मनातल्या मनात स्वतःला चार शिव्या घातल्या.

निघायच्या आदल्या दिवशी आजोबा परत आले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, काळा चष्मा लावला होता. त्यांनी साहेबांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि काहीतरी बोलले.

"म्हणतात, आवाजावरून तुम्ही उंच वाटला होतात," शिक्षिकेनं सांगितलं.

साहेब खो खो हसले. आजोबा खरंच तेवढंच बोलले का, याचा विचार मावशी विमानात बसेपर्यंत करत होती.

घरी आल्यावर पहिल्या रविवारी साक्ष द्यायला साहेब स्वतः उभे राहिले. तो फोटो पाठवायला नको होता, चमत्कार झाला नव्हता, घाई माझी होती, असं त्यांनी सरळ सांगितलं. चर्चमध्ये कुजबुज झाली. दोन कुटुंबांनी पुढच्या वर्षीच्या प्रवासातून नाव काढून घेतलं, आणि एका ज्येष्ठ बाईंनी शंकामावशीशी बोलणं टाकलं ते टाकलंच. बायकोनं एवढं सगळं उकरल्याबद्दल नवरा मात्र एकदाही थट्टा करून बोलला नाही.

पुढच्या वर्षी ती पुन्हा गेली. यावेळी डॉक्टर सोबत होते, चांगले नावाजलेले. शिक्षिका शाळेच्या फाटकात उभी होती. तिनं आधी डॉक्टरांचं शिक्षण विचारलं, मग कागद मागितले आणि उन्हात उभं राहून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचले. पाळकसाहेबांना ते थोडं लागलं. मावशी मात्र शांतपणे पेटी खाली ठेवून तिचं वाचून होण्याची वाट पाहत राहिली.